‘एज ऑफ टुमॉरो’चं कथानक कसं बांधलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डग लायमन दिग्दर्शित ‘एज ऑफ टुमॉरो’ (2014) हा परग्रहावरून आलेल्या शत्रूशी चाललेल्या युद्धाचा चित्रपट आहे. कथानकाच्या रचनेवर बोलणं निघालं की मी बहुतेक वेळा हाच चित्रपट पुढे करतो, आणि त्यावर येणारे प्रश्नही आता ओळखीचे झालेत. ते इथे उत्तरांसह एकत्र केलेत. शेवटापर्यंत सगळं उलगडून सांगितलंय, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या. 113 मिनिटांचाच आहे.

कथा थोडक्यात काय आहे?

जर्मनीत उल्का पडते आणि तिच्याबरोबर आलेले ‘मिमिक’ नावाचे जीव बघता बघता युरोप गिळतात. मेजर विल्यम केज (टॉम क्रूझ) हा अमेरिकी लष्कराचा प्रसिद्धी अधिकारी. टीव्हीवर गोड बोलून तरुणांना भरतीसाठी तयार करायचं हे त्याचं काम. स्वतः रणांगण कधी पाहिलेलं नाही. लंडनमध्ये जनरल ब्रिगम त्याला हुकूम देतो, की फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पहिल्या तुकडीबरोबर जा. केज नकार देतो, वर जनरललाच धमकावतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो हीथ्रोच्या लष्करी तळावर असतो. हातात बेड्या, मेजरचा साधा शिपाई झालेला, आणि नावापुढे ‘पळपुटा’ हा शिक्का.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर तो मरतो. मरताना त्याने मारलेल्या एका वेगळ्या, मोठ्या मिमिकचं, म्हणजे ‘अल्फा’चं रक्त त्याच्या अंगावर सांडतं. डोळे उघडतात ते पुन्हा तळावर, त्याच बेड्यांत. यानंतर प्रत्येक मरणानंतर तोच दिवस सुरू होतो. यालाच ‘टाइम लूप’ म्हणतात.

याला नेहमीची तीन अंकी रचना आहे का?

आहे, आणि बऱ्यापैकी शिस्तीत आहे. पहिला अंक केज शिपाई होऊन मरतो आणि पुन्हा जागा होतो तिथपर्यंत. दुसरा अंक लांबलचक: शिकणं, रिटा व्रतास्की (एमिली ब्लंट) या सैनिकाबरोबर किनारा पार करायचे प्रयत्न, शत्रूच्या मेंदूचा म्हणजे ‘ओमेगा’चा शोध. केजची पुन्हा जागं होण्याची शक्ती जाते तिथे तिसरा अंक सुरू होतो.

पण एवढ्यावर थांबलात तर या चित्रपटाचं मर्म हाती लागत नाही. अशी तीन अंकांची विभागणी शेकडो चित्रपटांची करता येईल. इथे विचारायचा प्रश्न हा, की एखादी गोष्ट केजला, रिटाला आणि आपल्याला कोणत्या क्रमाने कळते? माझ्या मते या चित्रपटाचं प्रत्येक वळण म्हणजे त्या क्रमात झालेला बदल आहे. लढाया, स्फोट, धावपळ हे सगळं त्या बदलाच्या मागून येतं.

तोच दिवस पुन्हा पुन्हा दाखवूनही कंटाळा का येत नाही?

तबला ऐकणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल. तीनतालात सोळा मात्रांनंतर सम येणार हे ठाऊक असतं, तरीही आपण तिची वाट पाहतो, कारण कलाकार दर वेळी वेगळ्या वाटेने समेवर येतो. या चित्रपटाची सम म्हणजे हीथ्रोच्या तळावर सामानाच्या पिशव्यांवर पडलेला केज आणि त्याच्या अंगावर खेकसणारा सार्जंट.

पहिलं आवर्तन विलंबित आहे. मास्टर सार्जंट फॅरेलचं भाषण, जुगार खेळताना सापडलेल्या सैनिकांना पत्ते चावून गिळायला लावणं, यांत्रिक सूट चढवणं, विमान, किनारा, मरण, सगळं सविस्तर. दुसऱ्यांदा तेच प्रसंग, पण कापून आखूड केलेले, कारण आता प्रसंग आपल्याला पाठ आहेत आणि आपण फक्त केजच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहतोय. त्यानंतर लय चढत जाते. कवायतीच्या वेळी सटकण्यासाठी केज चालत्या वाहनाखालून लोळत पलीकडे जायचा प्रयत्न करतो आणि चिरडला जातो. चित्रपट तिथे क्षणभरही रेंगाळत नाही; पुढच्या कटला तो पुन्हा पिशव्यांवर. पुढे पुढे तर सुरुवात दाखवायचीच गरज उरत नाही. एक ओरडा, कधी तोही नाही, आणि आपण थेट किनाऱ्यावर.

याचं मोठं श्रेय जेम्स हर्बर्ट आणि लॉरा जेनिंग्ज या संकलकांना जातं. काय गाळायचं हे त्यांनी फार नेमकं ओळखलंय.

दुसरी गोष्ट, दर फेरीत कथानक जरा पुढे सरकलेलं असतं. पहिल्या दिवशी केजला स्वतःच्या शस्त्राचा सेफ्टी कॅचही उघडता येत नाही. भर लढाईत, गोळ्या सुटत असताना तो शेजारच्याला विचारतो की हे काढायचं कसं. पुढे तोच माणूस न बघता हात मागे करून मिमिक टिपतो. मधे ‘मी आता तयार झालोय’ असा एकही संवाद नाही. सूट खरोखर बनवलेले होते, जडही होते, त्यामुळे सुरुवातीचं त्याचं अडखळणं पाहताना आपलेच खांदे दुखायला लागतात.

टाइम लूपचे नियम कधी सांगितले जातात? उशीर होत नाही का?

उशिरा सांगितले जातात, आणि तेच योग्य आहे. आधी आपण केजबरोबर गोंधळतो. तो सगळ्यांना सावध करायला जातो, कोणी ऐकत नाही, तोंडाला चिकटपट्टी लावली जाते. मग किनाऱ्यावर तो रिटाला वाचवतो, पुढे काय होणार हे त्याला आधीच ठाऊक आहे असं तिच्या लक्षात येतं, आणि ती एवढंच सांगते: जागा झालास की मला शोध. क्षणात स्फोट होतो आणि दोघं मरतात. ‘याला काय झालंय ते मला माहीत आहे’ असं म्हणणारा पहिला माणूस इथे भेटतो. आपल्याला उत्तराची तहान लागल्यावरच मिमिकांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर कार्टरचा प्रवेश होतो.

कार्टरकडून कळतं ते असं: सगळे मिमिक एका ओमेगाशी जोडलेले असतात. अल्फा मेला की ओमेगा दिवस मागे नेतो, म्हणून हा शत्रू हरत नाही. अल्फाच्या रक्तामुळे ती यंत्रणा चुकून केजच्या हाती आली. पूर्वी ती रिटाच्या हाती होती. जखमी झाल्यावर तिला दुसऱ्याचं रक्त चढवलं गेलं आणि शक्ती गेली.

शेवटच्या नियमाकडे नीट पाहा. मरण आलं तर चालेल. जखमी होऊन जिवंत राहणं मात्र परवडणार नाही. त्यामुळे सरावात केजचा पाय मोडला की रिटा थंडपणे पिस्तूल काढते. आपण हसतो. त्याच वेळी पटकथाकाराने पुढचा सापळा लावून ठेवलेला असतो, कारण तिसरा अंक याच नियमातून उगवणार आहे.

फार्महाउसच्या प्रसंगाबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण संपूर्ण चित्रपटाची रचना त्या एका प्रसंगात उलटी होते.

तोपर्यंत आपण केजच्या बरोबरीने चाललेले असतो. त्याला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला. इतर सगळे अंधारात. किनारा पार करून केज आणि रिटा गाडीने एका ओसाड शेतघरापाशी येतात. तिथे हेलिकॉप्टर उभं आहे. केज रिटाला आत नेतो, कॉफी करतो. आणि तिच्या कपात किती साखर घालायची हे त्याला न विचारताच ठाऊक असतं.

हा चित्रपट मी पुतणीबरोबर पुन्हा पाहत होतो. ती तेव्हा नववीत होती. कॉफीचा कप रिटासमोर आला तशी ती सोफ्यावरून पुढे सरकली आणि म्हणाली, “काका, हा इथे आधी येऊन गेलाय. किती वेळा आलाय हा?” पडद्यावर रिटाला हे कळायला अजून थोडा अवकाश होता. मी चित्रपट थांबवला आणि आम्ही बराच वेळ त्या कपाबद्दल बोलत बसलो. पटकथेतला एक साधा तपशील काय करू शकतो हे मला त्या दिवशी तिच्यामुळे नव्याने दिसलं.

झालंय काय, की केज पहिल्यांदाच आपल्यापेक्षा पुढे गेलाय. किती फेऱ्या झाल्या हे चित्रपट आपल्याला कधीच आकड्यात सांगत नाही, आणि त्या लपवलेल्या आकड्याचा उपयोग इथे होतो. हा प्रसंग आपल्यासाठी पहिला आहे, केजसाठी कितवातरी. मग खुलासा होतो: रिटा हेलिकॉप्टर सुरू करायला गेली की मरते, काहीही केलं तरी मरते. तो तिला इथे थांबवतोय ते युद्धाच्या डावपेचासाठी नाही. तिला पुन्हा मरताना बघणं त्याला सोसत नाहीये.

आता मागे जा. त्याआधीच्या प्रवासात वर्डनच्या, म्हणजे रिटाने मिमिकांविरुद्ध गाजवलेल्या, लढाईत तिने गमावलेल्या जवळच्या माणसाचा विषय निघतो तेव्हा रिटा तुटक होते. त्या माणसाला तिनेही अशाच फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा मरताना पाहिलंय. म्हणून कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम. केज आता नेमका तिथेच उभा आहे जिथे ती होती. प्रेमाचा एकही संवाद न लिहिता प्रेमकथा उभी राहिली आहे, आणि ती उभी राहिली आहे फक्त ‘कोणाला किती माहीत आहे’ यातल्या फरकावर. रिटाच्या बाजूने पाहिलं तर या माणसाला ती आज सकाळीच भेटली आहे. तिला तो परका आहे आणि त्याला ती सगळ्यांत जवळची. ही विषमता शेवटपर्यंत मिटत नाही.

रिटा ऐकत नाही. ती इंजिन सुरू करते आणि मरते.

धरणाचा भाग अनावश्यक वाटतो. ओमेगा तिथे नाहीच, मग तो प्रवास कशाला?

केजला दिसणारे भास ओमेगा जर्मनीतल्या एका धरणात असल्याचं दाखवत असतात. दुसऱ्या अंकाचा सगळा जोर त्या दिशेने लागलेला असतो. फार्महाउसनंतर केज रिटाला न सांगता एकटाच तिथे पोचतो आणि कळतं की जागा रिकामी आहे. ते भास म्हणजे सापळा होता. शत्रूला केजचा जीव नको होता, रक्त हवं होतं.

म्हणजे आपण केजला शिकारी समजत होतो, प्रत्यक्षात तो सावज होता. माहितीचा तराजू पुन्हा कलतो: आता शत्रूला केजपेक्षा जास्त माहीत आहे. रक्त हाती लागू नये म्हणून केज स्वतःला पाण्यात बुडवून मरतो. हे सगळ्यांत शांत मरण आहे आणि माझ्या मते सगळ्यांत भयंकर. एवढ्या आडाखे बांधलेल्या प्रवासाचं फळ शून्य, हे प्रेक्षकाला अंगावर आल्याशिवाय पुढचा धोका खरा वाटला नसता. त्यामुळे हा भाग मी कापणार नाही.

जनरल ब्रिगमच्या कचेरीतला प्रसंग वेगळा का वाटतो?

कारण तिथे शस्त्र म्हणून फक्त पाठांतर आहे. कोणता पहारेकरी कधी वळतो, कोण कधी दारातून येतो, हे सगळं केजला तोंडपाठ. सुरुवातीला याच जनरलसमोर तो जीव वाचवण्यासाठी लाघवीपणा करत होता. आता त्याच माणसासमोर निवांत बसून कार्टरने बनवलेलं यंत्र मागतो. एकच जागा, तीच दोन माणसं, आणि मधल्या काळात केजमध्ये किती फरक पडलाय ते मोजायला चोख माप. पटकथा लिहिणाऱ्यांनी ही जोडी एकापाठोपाठ एक पाहावी.

शक्ती गेल्यावर चित्रपट साधा ‘मिशन’पट होतो, नाही का?

काही अंशी हो. ते यंत्र ओमेगाची खरी जागा दाखवतं: पॅरिस, लूव्र संग्रहालयाखाली. त्याच धावपळीत अपघात होतो, केज रुग्णालयात जागा होतो आणि बाजूला रक्ताची पिशवी टांगलेली दिसते. संवादाची गरजच नाही. नियम आपल्याला आधी सांगून झालाय.

इथून मरण खरं होतं. केजच्या ‘जे-स्क्वॉड’ या तुकडीतले सैनिक, ज्यांच्या मरणाला आपण आत्तापर्यंत हसत होतो, ते आता एकदाच मरणार. कल्पना म्हणून हे उत्तम आहे. पण पडद्यावर अंधार, पाणी, कोसळणाऱ्या भिंती यांत माणसं नीट दिसत नाहीत, आणि आधीच्या भागांत जो चतुरपणा होता तो इथे आटतो. माझी खरी तक्रार ही आहे की त्या सैनिकांना आपण पुरेसं ओळखत नाही. दुसऱ्या अंकात त्यांना आणखी चार-पाच मिनिटं मिळाली असती तर पॅरिस जास्त लागलं असतं.

शेवट फसलाय का?

केज ओमेगाला मारतो, स्वतःही मरतो, ओमेगाचं रक्त त्याच्यात मिसळतं आणि तो जागा होतो तो आणखी आधी: लंडनला पोचणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये, अजून मेजरच. पॅरिसमध्ये ऊर्जेचा प्रचंड स्फोट झाल्याची आणि मिमिक कोसळल्याची बातमी चालू असते. वेळ मागे गेली तर ओमेगा मेलेलाच कसा राहिला, याचं समाधानकारक उत्तर चित्रपट देत नाही. तर्काच्या कसोटीवर शेवट डळमळीत आहे हे मान्य करायला हवं. शिवाय तिसऱ्या अंकात मोठ्या कष्टाने मिळवलेलं मरणाचं वजन तो एका झटक्यात परत करून टाकतो.

तरीही शेवटचं दृश्य मला पटतं. केज हीथ्रोवर रिटाला शोधत जातो. ती अनोळखी अधिकाऱ्याकडे पाहावं तशी पाहते आणि काय हवंय म्हणून विचारते. तो हसतो, आणि चित्रपट संपतो. तिच्याबद्दल त्याला सगळं माहीत आहे, तिला त्याच्याबद्दल काहीच नाही. कथानक ज्या विषमतेवर उभं होतं, तिच्यावरच ते थांबतं.

मूळ कादंबरीत असंच आहे का?

नाही. हिरोशी साकुराझाका यांची ‘ऑल यू नीड इज किल’ ही जपानी कादंबरी 2004 सालची. तिचा नायक केइजी किरिया हा कोवळा नवशिका सैनिक आहे आणि झालेल्या फेऱ्यांचा आकडा तो हातावर लिहून ठेवतो. म्हणजे कादंबरी आकडा उघड ठेवते आणि चित्रपट लपवतो. रचनेच्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा बदल आहे. आकडा उघड असता तर कॉफीच्या कपाला धारच उरली नसती. कादंबरीत शेवटी केइजी आणि रिटा यांच्यापैकी एकालाच जगता येईल अशी वेळ येते आणि दोघं एकमेकांशी लढतात. क्रिस्टोफर मॅक्वॉरी, जेझ बटरवर्थ आणि जॉन-हेन्री बटरवर्थ यांच्या पटकथेने तो कठोर शेवट सोडून दिला, आणि तरुण नायकाच्या जागी मध्यमवयीन, बोलघेवडा, भेकड अधिकारी आणला. खाली पडायला त्याला उंची जास्त मिळाली.

खऱ्या युद्धांचे संदर्भ कथानकात काय काम करतात?

वर्डन हे नाव उगाच घेतलेलं नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 साली फेब्रुवारी ते डिसेंबर अशी दहा महिने चाललेली ती लढाई म्हणजे इंचभर जमिनीसाठी पुन्हा पुन्हा तेच मरण. चित्रपटात रिटा ‘वर्डनची देवदूत’ म्हणून गाजते. तिच्या त्या विजयावरच भरतीच्या जाहिराती चालतात. किनाऱ्यावरची चढाई पाहताना 6 जून 1944 ची दोस्त सैन्याची नॉर्मंडीवरची चढाई आठवल्याशिवाय राहत नाही, आणि अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला तो 6 जून 2014 रोजी, बरोबर 70 वर्षांनी. चढाईचं नाव ‘ऑपरेशन डाउनफॉल’. दुसऱ्या महायुद्धात जपानवर स्वारी करायची दोस्तांची योजना याच नावाची होती. जपानने त्याआधीच शरणागती पत्करल्यामुळे ती कधी अमलात आली नाही.

प्रेक्षकाला इतिहासातला किनारा आधीच ओळखीचा असतो, तिथे जिंकायचं असतं हेही ठाऊक असतं. त्या ओळखीमुळे ‘इथे मात्र हरतोय’ हा धक्का बसतो, आणि नकाशा समजावण्यात वेळ जात नाही.

टाइम लूप आणि समांतर विश्व यांत फरक काय?

मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवत असेल. तिथे विश्वासरावांना लागायची गोळी चाटून जाते, मराठे 1761 ची लढाई जिंकतात आणि इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. गंगाधरपंत त्या फाट्यावर जाऊन परत येतात. इथे फाटा फुटत नाही; तीच वाट पुसून पुन्हा आखली जाते, आणि पुसलेली वाट फक्त एकाच्या आठवणीत राहते. पहिल्या प्रकारात ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न, दुसऱ्यात ‘मला हे पुन्हा करता आलं तर’ हा. त्यामुळे लूपची कथा आपोआप शिकण्याची कथा होते.

मला स्वतः असं विश्लेषण करायचंय. सुरुवात कशी करू?

एकदा नुसता पाहा, काही न लिहिता. दुसऱ्यांदा पाहताना आडवा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: केज, रिटा, आपण. प्रत्येक प्रसंगानंतर चित्रपट थांबवून प्रत्येकाला आता काय माहीत आहे ते एका ओळीत लिहा. ‘काय घडलं’ ते लिहू नका. सुरुवातीच्या फेऱ्यांत पहिला आणि तिसरा रकाना सारखाच भरत जाईल. रिटाचा मात्र दर सकाळी पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागेल, त्याचा कंटाळा करू नका. फार्महाउसपाशी आलात की केजच्या रकान्यात काय लिहावं ते सुचणार नाही. ती जागा कोरी सोडा, प्रसंग संपला की मागे येऊन भरा.